टोचायच्या आधी सांगायचं

“इथे नंबर नाही, रांग नाही, आत गेलेलं माणूस बाहेर कधी येणार त्याचा पत्ता नाही,” शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा बायकोच्या कानात पुटपुटत होता. कानात म्हणायचं, पण बायकोचा तो कान जड असावा, कारण सगळ्या खोलीला ऐकू जात होतं. “दाताच्या डॉक्टरकडे निदान आतलं ओरडणं तरी ऐकू येतं. माणसाला अंदाज येतो.”

“हळू बोला.”

“हळूच बोलतोय. बोलायलाच आणलंयस ना मला इथे?”

डासबाईला हसू आलं, पण पोट रिकामं असलं की हसूही धड फुटत नाही. काल रात्री आठपासून तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तपासणीला जायचं ते उपाशीपोटी, हे तिच्या हाडीमांसी भिनलेलं. चोवीस वर्षं ती रोज सकाळी सात वाजता लॅबच्या दारात उभी राहून लोकांना हेच विचारत आली होती, “काही खाल्लंय का? चहा? चहा म्हणजे खाल्लंच.” तेव्हा स्वतःची पाळी आल्यावर भरल्या पोटी मनाची तपासणी करून चुकीचा रिपोर्ट घेऊन यायला ती काही वेडी नव्हती. किंबहुना वेडी नाही, हेच तर तिला लिहून आणायचं होतं.

डासबाई हे अर्थात आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. लॅबच्या डॉक्टरांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी गमतीने ठेवलं, “आमच्या बाई म्हणजे डास. येतात कधी, रक्त घेऊन जातात कधी, कळत नाही.” मग ते लॅबभर झालं, गल्लीभर झालं, आणि शेवटी घरातही शिरलं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कौतुकच होतं. तान्ही पोरं, जाडजूड बाप्ये, औषधं घेऊन घेऊन शिरा आटलेली माणसं, कुणाचीही शीर तिला दोन बोटांनी सापडायची. दुसऱ्या मुली तीन-तीनदा टोचून रडवेल्या झाल्या की आतून हाक यायची, “डासबाईंना बोलवा.”

आणि तिचा एक नियम होता. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी ती सुई हातात देण्याआधी तो द्यायची. टोचायच्या आधी सांगायचं. ‘दुखणार नाही’ असं कधी म्हणायचं नाही. “दुखेल, थोडंच दुखेल, तीन म्हणते तेव्हा टोचते,” असं म्हणायचं आणि बरोबर तीनला टोचायचं, दोनला नाही. “एकदा खोटं सांगितलंत,” ती पोरींना बजावायची, “की माणूस हात ओढून घेतं. आणि मग जन्मात कुणाच्या हातात हात देत नाही.”

तोच तिचा हात चार महिन्यांपूर्वी कापायला लागला. उजवा. आणि गंमत अशी की फक्त सुई धरल्यावर. भाजी चिरताना नाही, सही करताना नाही, शिवणाच्या सुईत दोरा ओवतानाही नाही. नसांच्या डॉक्टरने हातोडी मारून पाहिली, बोटं नाकाला लावायला लावली, फोटो काढला आणि म्हणाला, “हातात काही नाही. वर आहे.” वर म्हणजे डोक्याकडे बोट.

लॅबचे डॉक्टर माणूस वाईट नव्हते. पण ते म्हणाले, “बाई, तुमचा हात ही आमची पाटी आहे. पाटीच हलायला लागली तर लोक आत येतील का? महिनाअखेरीपर्यंत बरं असल्याची चिठ्ठी आणा. नाहीतर मग रिपोर्टचं काउंटर आहेच तुमच्यासाठी, कायमचं. बसून काम.” बसून काम हे त्यांनी असं सांगितलं, जणू बढतीच देतायत.

म्हणून ही खोली. दारावर नुसतं नाव होतं, खाली ‘थेरपिस्ट’. नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. “बोलायला परक्याकडे कशाला जायचं? घरी बोल की,” तो म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आतल्या खोलीत ना पलंग, ना यंत्र. दोन खुर्च्या, जराशा तिरक्या मांडलेल्या. एक घड्याळ, एक खोटं झाड, रुमालांचा एक खोका. खोका बघूनच डासबाईने मनाशी ठरवून टाकलं की यातला एकही आपण ओढायचा नाही. थेरपिस्ट म्हणजे पोरसवदा मुलगी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हिची शीर छान आहे, डासबाईच्या मनात आलं, अंधारातसुद्धा सापडेल.

“सुरुवातीला थोडं सांगते, म्हणजे काय होणार ते तुम्हाला कळेल,” मुलगी म्हणाली. डासबाईने पाठ सरळ केली. हे तिला ओळखीचं होतं. “पन्नास मिनिटं बोलू. पहिल्या दोन-तीन भेटी ओळखीच्याच असतात. मी बरंच काय काय विचारेन. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नको वाटलं तर नको म्हणा. इथलं बोलणं मी बाहेर सांगत नाही. कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच, आणि तेही तुम्हाला सांगून.”

“आणि मग तुम्ही मला काय करायचं ते सांगणार.”

“नाही.”

“मग तुम्ही काय करणार?”

“ऐकेन. विचारेन. काय करायचं ते बहुतेक तुम्हीच शोधाल.”

“म्हणजे नमुनाही माझाच आणि तपासायचाही मीच,” डासबाई म्हणाली. “रिपोर्ट कधी मिळेल?”

“रिपोर्ट नसतो.”

नेमकं त्याच वेळी तिचं पोट गुरगुरलं. शांत खोलीत चांगलं लांबलचक. मुलीने वर पाहिलं. “काही खाल्लं नाहीत का?”

“चौदा तास झाले,” डासबाई जरा अभिमानानेच म्हणाली.

मुलगी हसली असती तर डासबाई पुन्हा आलीच नसती. पण ती हसली नाही. तिने खण उघडला, बिस्किटांचा पुडा काढला, दोघींच्या मधे ठेवला आणि स्वतः आधी एक घेतलं. मग डासबाईने घेतलं. मग आणखी तीन घेतली.

“दुखतं का?” तोंडातलं बिस्कीट गिळून डासबाईने विचारलं. भीतीने नव्हे. धंद्यातलं माणूस धंद्यातल्या माणसाला विचारतं तसं.

“कधी कधी हो. पहिल्या काही भेटींनंतर आधीपेक्षा जास्तही वाटू शकतं. झोप बिघडते, रडू येतं, माझा रागही येईल. पण केव्हा आणि किती, ते आधी सांगता येत नाही.”

“आम्ही तीन म्हणतो.”

“मला तीन म्हणता येत नाही,” मुलगी म्हणाली. “म्हणता आलं असतं तर म्हटलं असतं.”

खरं बोलते पोरगी, डासबाईने मनात नोंद केली. चिठ्ठीचंही ती खरंच बोलली. तुम्ही येताय एवढं लिहून देता येईल, हात बरा झाला असं नाही. डासबाईचा चेहरा उतरला. मग फॉर्म भरायचा होता. तक्रारीच्या रकान्यात तिने सुबक अक्षरात लिहिलं, ‘उजवा हात. सुई धरली की कापतो. बाकी सर्व ठीक.’

“कधीपासून?”

डासबाईने तारीख सांगितली. तिला तारखा पाठच असायच्या.

“त्या सुमारास घरात काही घडलं होतं?”

“नाही. म्हणजे पंधरा दिवस आधी सासूबाई गेल्या. पण वय झालं होतं. सगळ्यांच्याच सासवा जातात.”

मुलीने काही लिहिलं. किती शब्द लिहिले ते डासबाईने उलट्या बाजूने मोजले. दोन.

घरी नवऱ्याने विचारलं, “काय झालं तिथे?” तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बिघाड कुठे आहे ते कळल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. फक्त तो बिघाड लोखंडाचा हवा.

“बिस्किटं दिली.”

“बास?”

“आणि म्हणाली, घरी काय घडलं ते सांगा.”

नवरा उठला, ओट्याशी गेला आणि नळ सोडून आधीच धुतलेला कप धुवायला लागला.

ह्या नळाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अकरा महिन्यांपूर्वीची गोष्ट. सासूबाईंना धाप लागायला लागली, अंगावर निळे डाग दिसायला लागले, म्हणून डासबाईनेच घरी त्यांचं रक्त घेतलं, स्वतः लॅबमध्ये नेलं. दुपारी डॉक्टरांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. ते काही बोलले नाहीत, नुसते बाजूला सरकले. तिने डोळा लावला. चोवीस वर्षांत तिने असल्या काचा पुष्कळ पाहिल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर, आणि तो दाराशी नाही, घरात येऊन बसलेला. रिपोर्ट तिने पर्समध्ये रिकाम्या डब्याखाली घालून घरी आणला.

त्याच संध्याकाळी नणंद आली. नणंद शाळेत मुख्याध्यापिका. तिच्या घरीही घंटा वाजल्याशिवाय कुणी जेवत नाही असं लोक म्हणायचे. स्वयंपाकघरात तिघांची बैठक बसली. पण बोलायचं कसं? सासूबाई पलीकडच्याच खोलीत, आणि त्यांची उभी हयात टेलिफोन ऑफिसात गेलेली. तीस वर्षं कानाला लोकांची बोलणी लावून बसलेली बाई. भिंतीपलीकडे कुणी सुस्कारा टाकला तर कुणाचा ते सांगायच्या. तेव्हा नणंदेने हात लांब करून नळ सोडला, धो धो, आणि त्या आवाजाच्या आडोशाला म्हणाली, “आईला काही कळता कामा नये. ती खचेल. धक्क्यानेच जाईल. अशक्तपणा आहे म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

नवरा म्हणाला, “ताई म्हणते ते बरोबर आहे.”

डासबाई म्हणाली, “मी कधी असं…” पुढचं पाण्यात वाहून गेलं.

आणि मग सात महिने दर पंधरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, डासबाई सासूबाईंच्या पलंगाशी बसून रक्त काढत होती. “आला का माझा डास,” म्हणत सासूबाई बाही वर करायच्या. “घे बाई घे. सुनेने सासूचं रक्त पिण्याचा रिवाज तू फारच मनावर घेतलायस.” दोघी हसायच्या. मग त्या विचारायच्या, “काय निघालं गेल्या वेळी?” आणि डासबाई म्हणायची, “अशक्तपणा.” हात तेव्हा मुळीच कापला नाही. सात महिन्यांत एकदाही नाही.

त्या घरात त्या आजाराचं बोलणं फक्त नळाखाली व्हायचं. सासूबाई वैतागायच्या, “काय गं, कुठे नदी सोडलीयत का घरात?” त्या गेल्या, तरी नळ राहिला. आईचा विषय निघाला की तिघांपैकी कुणाचा तरी हात आपोआप तोटीकडे जायचा. आता ऐकणारं कोण होतं? पण सवय.

मामांच्या वेळीही तेच झालं. मामा म्हणजे सासूबाईंचा धाकटा भाऊ. वडिलांचा रेडिओ कुणी न्यायचा यावरून बहीण-भावाचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. रेडिओ मुळात बंद पडलेला होता, ते सोडा. सासूबाई गेल्या त्या दिवशी म्हातारा दारात येऊन उभा राहिला, पायातल्या वहाणा हातात घेऊन, आणि एवढंच म्हणाला, “इतके दिवस आजारी होती. मला कुणी सांगितलं नाही?” आत नणंदेने नळ सोडला. चहा टाकायला, म्हणे.

चिठ्ठी मिळेपर्यंत डासबाईला रिपोर्टच्या काउंटरवर बसवलं होतं. काउंटर म्हणजे काचेमागची एक खुर्ची. नाव विचारायचं, पाकीट शोधायचं, सही घ्यायची. लोक पाकीट तिथेच फाडायचे आणि आकड्यांकडे बघून डासबाईच्या तोंडाकडे बघायचे. “चांगलं आहे ना हो?” तिला सगळं कळायचं. पण काउंटरचा नियम वेगळा. “डॉक्टरांना दाखवा,” एवढंच म्हणायचं. दिवसातून साठ वेळा ती ते म्हणायची. लॅबने तिला नेमकी अशी जागा शोधून दिली होती, जिथे माहीत असून सांगायचं नाही, ह्याचाच पगार.

एका सकाळी आत नवी मुलगी अडली. दोनदा टोचून झालं, शीर सापडेना. खुर्चीत एक थकलेली बाई, हात सुरकुतलेला, पातळ. काचेतून दिसत होतं. डासबाईला राहवलं नाही. ती उठून आत गेली, पट्टा बांधला, दोन बोटांनी शीर शोधली. होती की, कोपराच्या जरा आतल्या बाजूला, लपून बसलेली. “दुखेल, थोडंच दुखेल,” ती म्हणाली. “तीन म्हणते तेव्हा…”

“सांग हो मग काय निघतं ते,” म्हातारी म्हणाली. “घरचे काही सांगत नाहीत.”

एक म्हणता म्हणता सुई हवेत लिहायला लागली. म्हातारीने बघितलं, आणि बाही खाली ओढली.

नव्या मुलीने सुई डासबाईच्या हातातून हळूच काढून घेतली. “असू दे मावशी,” ती म्हणाली. ते ‘असू दे’ डासबाईला थपडेसारखं लागलं. महिना संपायला नऊ दिवस होते.

दुसऱ्या भेटीला ती पोटभर जेवून गेली. आणि रागावून गेली. “हात आणखीच बिघडलाय,” खुर्चीत बसायच्या आधीच तिने सांगितलं. “झोप नाही. काल दूध उतू गेलं तर मला रडू आलं. दुधासाठी! तुमच्या औषधाने रोग वाढतोय.”

“वाढू शकतं म्हटलं होतं,” मुलगी म्हणाली. “तरी वाईटच वाटलं असेल.”

“म्हटलं होतंत म्हणून तर आले.”

मुलीने कामाचं विचारलं. आणि काय झालं कोण जाणे, डासबाई सुटली. शीर कशी शोधायची, कापूस कसा धरायचा, पोरांना कसं गुंतवायचं, गुंगारा देणारी शीर बोटाखाली कशी रोखायची. बोलताना तिचा उजवा हात हवेत फिरत होता, थेट, सफाईदार. मुलगी ऐकत होती. मग नियमाचं आलं. टोचायच्या आधी सांगायचं. खोटं सांगितलं की माणूस हात ओढून घेतं.

“चोवीस वर्षं पाळलात?”

“चोवीस वर्षं.”

“कधी मोडला का?”

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक एकदम खोलीच्या मध्यावर आली. डासबाईला एक मंगळवार आठवला. शेवटून दुसरा. सकाळचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी होतं आणि सासूबाईंचा हात तिच्या हातात होता. तिने तो मंगळवार तिथल्या तिथे दाबून धरला, सुई काढल्यावर बोळा दाबून धरतात तसा, घट्ट, मनातल्या मनात मोजत.

“वेळ झाली वाटतं,” ती म्हणाली आणि उठली.

“अजून अठरा मिनिटं आहेत.”

“तुमची असतील.”

मुलगी उठली नाही, अडवलंही नाही. “पुढच्या बुधवारची वेळ मी तुमच्यासाठी ठेवते,” ती म्हणाली. “या किंवा नका येऊ. ठेवते.”

बाहेर तोच म्हातारा बसला होता, ह्या खेपेला एकटाच. डासबाईचा चेहरा बघून तो जरा सरकला. “ओरडणं काही ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. “पण दात निघालेला दिसतोय.”

“हलतोय नुसता,” डासबाई म्हणाली आणि जिना उतरली.

रविवारी नणंद आली. आईचं कपाट रिकामं करायला. चार महिने झाले होते, कपाट कुणी उघडलं नव्हतं. नणंदेने तीन खोकी आणली होती आणि त्यांवर आधीच लिहून ठेवलं होतं, ‘ठेवायचं’, ‘द्यायचं’, ‘टाकायचं’. तिघं पलंगाभोवती उभी राहिली. नणंद घड्या उलगडायची, एक नजर टाकायची, निकाल द्यायची. मधेच एखादी शाल नाकाला लावायची आणि मग पुन्हा मुख्याध्यापिका व्हायची.

“काय बाई होती,” ती म्हणत होती. “शेवटपर्यंत तक्रार म्हणून नाही.”

तक्रारी डासबाईला मुखपाठ होत्या. उशी उंच आहे, चहा पांचट आहे, लेक फोनवरही तपासणीला आल्यासारखी बोलते. पण गेलेल्या माणसाचं असं होतंच. मेलेल्या म्हशीला मणभर दूध.

“आणि तुझी ती बोलायची डॉक्टर काय म्हणते?” नणंदेने घडी घालता घालता विचारलं. “आमच्या शाळेतही नेमलीय एक. पोरं तासाला बसायला नको म्हणून जातात तिच्याकडे. तू मन रमव जरा. वय होतं, हात कापतात. काउंटर काय वाईट आहे?”

“काउंटर वाईट नाही, वन्सं.”

“मग झालं तर.”

नवरा खाली वाकून तळचा कप्पा ओढत होता. तिथून एक पुठ्ठ्याचं खोकं निघालं. त्यात बूट. करड्या रंगाचे, जाड तळव्याचे, चालायचे बूट. कागदाचे बोळे अजून आतच होते. नवऱ्याने ते ओळखले. त्यानेच आणले होते. दोन दुकानं पालथी घालून, आईने फोनवर रंग सांगितला होता तसे.

“हे कुणाचे?” नणंद म्हणाली. “आईचे? हिने कशाला घेतले हे?”

“मागितले,” नवरा म्हणाला. “शेवटी शेवटी. मी म्हटलं, मागतेय तर… नाही कसं म्हणणार?”

नणंदेने बूट हातात घेतला, उलटा केला. तळवा कोरा होता. ‘ठेवायचं’, ‘द्यायचं’, ‘टाकायचं’, तिन्ही खोकी आ वासून बसली होती आणि तो बूट कशातच जाईना.

“चहा टाकतो,” नवरा म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. नणंद त्याच्या मागे गेली, बूट हातातच. डासबाई दुसरा बूट घेऊन दोघांच्या मागे गेली. नवऱ्याने नळ सोडला होता. धो धो. किटली भरून वाहत होती, तरी तो तशीच धरून उभा होता.

“अरे, तिला कळलं होतं,” नणंद नळावरून आवाज चढवत म्हणाली. “आईला काय कळत नव्हतं? तीस वर्षं लोकांच्या तारा ऐकलेली बाई ती. आतून सगळं माहीत होतं तिला. आपल्याला त्रास नको म्हणून बोलली नाही. आपण तिला सांगितलं नाही, तिने आपल्याला सांगितलं नाही. सुखाने गेली.”

“हो,” नवरा किटलीला म्हणाला. “कळलंच असणार.”

चार महिने घरात हेच चाललं होतं. कळलंच असणार. मामांना लिहिलेल्या पत्रातही नणंदेने हेच लिहिलं होतं. डासबाईने ते पत्र टपालात टाकलं होतं, स्वतःच्या हाताने. हाच हात.

“मग हे बूट?” डासबाई म्हणाली.

“काय?”

“आपण महिन्या-दोन महिन्यांचे सोबती आहोत हे ठाऊक असलेलं माणूस दोन वर्षं टिकतील असे बूट मागवतं का, वन्सं?”

“माणसाच्या मनाचं काय सांगावं,” नणंद म्हणाली. “तुला कसं माहीत, तिला कळलं नव्हतं म्हणून?”

डासबाईने बूट ओट्यावर ठेवला. ओट्यावर बूट, नणंदेची भुवई वर गेली. मग नवऱ्याच्या खांद्यावरून हात लांब करून तिने नळ बंद केला. पुरता, घट्ट, तोटीतून थेंबही पडणार नाही असा. तो आवाज थांबल्यावर घर केवढं मोठं वाटायला लागलं. तोटीवरचा तिचा हात कापत होता. हातात सुई नव्हती, तरी कापत होता, कोपरापर्यंत. नवऱ्याने ते पाहिलं आणि किटली खाली ठेवली.

“कारण त्यांनी मला विचारलं होतं,” ती म्हणाली. “शेवटून दुसऱ्या मंगळवारी. मामांचा निरोप आला होता त्यांना, भेटायला येऊ का म्हणून. त्या मला म्हणाल्या, बिछान्यावरून बोलावलं तर त्याला वाटेल, मरायला टेकली म्हणून हिला भाऊ आठवला. मी माझ्या पायांनी जाणार, नवे बूट घालून. आणि हात माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, ही दोघं माझ्याशी गोड गोड बोलतात, पण तू कुणाला खोटं सांगत नाहीस. तू सांग. महिन्याभरात मी चालेन ना? का त्याला आत्ताच बोलावू?”

नणंदेने बूट छातीशी धरला होता. ती काहीतरी म्हणणार होती, पण बोलणं झाकायला आता पाणी नव्हतं.

“त्यांना काही कळलेलं नव्हतं. मी म्हटलं, महिन्याभरात चालाल. त्यांनी मामांना कळवलं, येऊ नकोस, मीच येते. तुम्ही दोघांनी नुसतं लपवलंत. खोटं मी सांगितलं. आणि मी सांगितलं म्हणून त्यांनी ते खरं मानलं.”